बेचाळीस आणि एक

४ जाने. ५३, पार्ले
पाहण्याचा कार्यक्रम झाला. आजवरचा पाचवा, पण पोहे देताना मान वर करून पाहिलं ते या वेळीच, आणि तेही आनंदानं! ह. (हवालदार. नाव लिहायला अजून लाज वाटते) उंच, सावळे, कमी बोलणारे. ब्रह्मदेशच्या लढाईत नेमबाज होते, आता मरोळला एका कारखान्यात तपासनीस. बाबांनी आल्या आल्या विचारलं, "बेचाळीस ना हो?" जणू मॅट्रिकचे गुण! ह. म्हणाले, "लोक तसं म्हणतात." तेवढ्यानंही बाबांची छाती फुगली. आई आत कुजबुजली, "बेचाळीस माणसं मारलेल्या हातात मुलगी द्यायची?" बाबा म्हणाले, "शत्रू होते ते. माणसं कसली!"
माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथंच हो म्हटलं असतं.

६ जाने.
साहेबांचं पत्र घेताना दोनदा चुकले. शॉर्टहँडमध्ये ऑफिसात पहिली असलेली मी! वहिनी म्हणते, "पाय जमिनीवर ठेव गं जरा. त्यांचा होकार यायचाय अजून."
संध्याकाळी आला!! ह.ची चिठ्ठी, बाबांच्या नावे. पण अट आहे. मुलीनं लढाईतलं सगळं आधी ऐकावं, मग हो की नाही ते सांगावं.
अट कसली, मेजवानीच.

११ जाने., रवि.
ह. मरोळहून सायकलीवर आले. आम्ही बाहेरच्या खोलीत, वहिनी ओटीवर तांदूळ निवडत. ह. म्हणाले, "मी टिपले, ते तुम्ही टिपून घ्या." शब्दाची गंमत वाटून मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. फार ओशाळले मी.
मग सांगू लागले, एकेक करून. झाड कुठलं, ऊन कुठून, वारा कसा. मोजणी जोडीदाराची. तो दुर्बीण घेऊन शेजारी पडून असायचा, वहीही त्याचीच. आज चौदा झाले. अंगावर काटा येतो, आणि इथे खोटं कशाला लिहू, मजाही वाटते. पेन्सिलीला तीनदा टोक केलं.

१८ जाने., रवि.
एकोणतीसपर्यंत. मधेच विचारलं त्यांनी, "थांबू का?"
"छे! पुढे?"
माझ्या कागदांकडे बघून म्हणाले, "बाबांवर गेलात तुम्ही." कौतुक होतं की काय, कळलं नाही. कौतुकच धरलं.
वहिनीनं माझे कागद उलटसुलट करून पाहिले. "नुसत्या मुंग्या काढल्यात. प्रेमपत्र असलं तरी कळायचं नाही आम्हाला!"

२१ जाने.
आईचं मन वळलं. रविवारी जाताना ह.नी तिला चार नारळ सोलून दिले म्हणे. बाईमाणसाचं मन, आणि चार नारळ! मोहनमाळ पॉलिशला दिली तिनं. येत्या रविवारी शेवटची बैठक. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुटी, सकाळीच बाबा होकार घेऊन मरोळला जाणार. ऑफिसात टाइपरायटरवर त्यांचं आडनाव लावून माझं नाव छापून पाहिलं. झकास दिसतं! मग कागद फाडला.

२५ जाने., रवि., सायं.
बेचाळीस झाले. मी खाली रेघ मारली. ह. म्हणाले, "आणखी एक लिहा."
"बेचाळीसच ना?"
"वहीत बेचाळीस. हा जोडीदारानं लिहिला नाही."
ओढ्यावर उतरलेला एक जण. बंदूक नाही, हातात पाण्याचा डबा. जोडीदार म्हणाला होता, "सोड रे त्याला."
मी विचारलं, "लढाई संपल्याची बातमी तोवर आली नसेल ना?" उत्तर मीच पुरवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं त्यांनी.
"आली होती. आदल्या दिवशी."
"मग?"
"नेम धरून झाला होता."
हेही मी टिपून घेतलं. हात सवयीनं चालतो. ते उठले. "आता काय ते सांगा," म्हणाले, आणि चहा न घेताच गेले. वहिनीनं ओटीवरून विचारलं, "झालं का गं एकदाचं पुराण?" हो म्हटलं.
राग येतोय त्यांचा. कुणी विचारलं होतं? न सांगते तर कुणालाच कळलं नसतं. आणि सांगितलं म्हणून ते मला आणखीच आवडलेत, हेही खरं. काय करू मी?
बाबा उद्याचा कोट झटकतायत. शीळ घालतायत. जाऊन काहीतरी सांगायला हवं त्यांना.
बेचाळीस ऐकून मी हो म्हणणार होते, तेही हसत हसत. मग या एकानंच का अडले मी?