शेजारच्या तेलुगू बाई

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१८ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. सावित्रीवहिनींस,
जयवंताचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. नांदेडचं पाणी तुम्हाला मानवलं का? एकनाथदादांचं ऑफिस आता मुंबई राज्यात आणि माझी शाळा आंध्र प्रदेशात. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी नणंद-भावजयीला काही विचारलं नाही. शाळेतल्या मुली म्हणतात, बाई, तुम्हीपण जाणार का? मी हसते आणि फळा पुसते.

माझ्या तळ्यांवरच्या लेखांचं पुण्यात कौतुक चाललंय. गंडीपेठची संध्याकाळ, मीर आलमच्या काठचे बगळे, सगळं लोकांना आवडतं. ‘इतकी तळी आणि इतकी शुद्ध भाषा,’ असं एकीने कळवलं. ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही. आई गेल्यावर माझं रडं थांबत नव्हतं, तेव्हा तुम्हीच मला कडेवर घेऊन काठावर बसायचात आणि कुठल्या वाऱ्याने पाणी कसं रंग बदलतं ते दाखवायचात. तुमच्या बोलण्यातलं ‘हौ’ आणि ‘नक्को’ तेवढं मी गाळलं आणि खाली माझं नाव घातलं.

आता आडवळणं पुरेत. मला बतुकम्माच्या सणाच्या दिवसाबद्दल लिहायचं आहे.

मासिकाचे संपादक प्रतापराव आणि त्यांच्या पत्नी पुण्याहून खास तळी बघायला आले होते. हुसेनसागरावर ऊन उतरत होतं. तरवडाच्या आणि झेंडूच्या फुलांचे थर रचलेली ताटं मधे ठेवून बायका फेर धरत होत्या, आणि दरवर्षीसारख्या तुम्ही त्यांच्यात होतात. मला बघून हाक मारलीत, “अगे जयवंता, नक्को उभी राहू तशी. ये, हात धर की माझा.”

प्रतापरावांच्या पत्नी हसल्या. “कोण हो या? मराठीच बोलतायत का?”

मी म्हणाले, “शेजारच्या तेलुगू बाई आहेत. आमच्यात राहून थोडं मराठी येतं.”

तुम्ही ऐकलंत. वाटलं, आता चारचौघांत कान धराल. धरायला हवा होतात. तुम्ही पदर सावरून पुढे आलात, पाहुणीच्या हातावर नैवेद्याचा मलिदा ठेवलात आणि तेलुगूत म्हणालात, “तीसुकोंडि, अम्मा.” घ्या, बाई. मग ती दोघं जाईपर्यंत मराठीचा एक शब्द काढला नाहीत. माझं खोटं तुम्ही निभावून नेलंत.

घरी आल्यावरही रागावला नाहीत. गरम भाकरी वाढलीत. काचीगुड्याला गाडी सुटताना सगळ्यांना चार-चार सूचना दिल्यात, मला नुसतं “येते” म्हणालात. तेव्हा पाय धरायचे होते. स्वतःची एवढी लाज वाटत होती, की वाकताच आलं नाही.

काल प्रतापरावांचं पत्र आलं. त्यांना बतुकम्मावर लेख हवाय, ‘त्या तेलुगू बाईंकडून नीट माहिती घेऊन’. आज सकाळी मी त्यांना उत्तर पेटीत टाकलं: ‘त्या माझ्या वहिनी, त्यांनीच मला वाढवलं, लेखांतली तळी त्यांनी दाखवलेली, आणि तुमच्यासमोर मी त्यांना ओळख दिली नाही.’ आता ते लेख बंद करतील तर करोत.

एवढ्याने माझं मन हलकं झालेलं नाही. व्हावं अशी अपेक्षाही नाही.

नाताळच्या सुट्टीत नांदेडला येते आहे. तिथल्या शेजारणींनी ही कोण म्हणून विचारलं, तर तुम्हाला वाटेल ते सांगा. ओळखत नाही म्हणालात, तरी मी दारातून हलणार नाही.

तुम्हीच वाढवलेली,
जयवंता