जर्मनीहून परत आलेलं तांबं

सोलापूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. महेश्वरी हिला मल्लिनाथमामाचा आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. गड्ड्याची यात्रा झाली. मामीने तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवलीय. पुण्यात थंडी अजून असेल, जपून राहा.

तू विचारलं नाहीस, तरी जर्मनीच्या मालाचं सांगतो. तिथे आपल्या कारखान्यातल्या तांब्याच्या पट्ट्या हायड्रोजनच्या भट्टीत जोडायला घातल्या आणि त्यांना तडे गेले. सगळा माल परत आला.

माल पाठवण्याआधी तू तेच सांगत होतीस. "मामा, त्यांच्या मानकात ऑक्सिजनमुक्त तांबं मागितलंय. आपल्यात थोडा ऑक्सिजन आहे. हायड्रोजनमध्ये तापलं की आत वाफ होऊन फुटेल."

मी सगळ्या कामगारांसमोर ओरडलो, "नव्व्याण्णव पॉइंट नऊ टक्के शुद्ध हाय की! अजून काय सोनं पाहिजे व्हय त्यांना?" तीस वर्षं तांबं वितळवलं, पण ते मानक एकदाही वाचलं नव्हतं. त्याच आठवड्यात तू नोकरी सोडलीस.

पुढचं लिहायला तीन दिवस हात धजला नाही.

गिऱ्हाइकाने कारण विचारलं तेव्हा मी कळवलं, की आमच्या माल तपासणाऱ्या मुलीची चूक झाली, तिला काढून टाकलंय. तुझं नाव घातलं. तेच गिऱ्हाईक तुझ्या पुण्यातल्या नव्या प्रयोगशाळेतही नमुने पाठवतं, हे मला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या तिथल्या साहेबांचा फोन आला, "महेश्वरीबद्दल ऐकलं ते खरं का?" मी "बघून सांगतो" म्हणालो. मामी शेजारीच होती. "बहिणीची पोर हाय ती तुमच्या," एवढंच बोलली आणि आत गेली.

मग मी साहेबांना आणि गिऱ्हाइकाला, दोघांनाही खरं लिहिलं. तू दिलेला लेखी इशारा मी खणात टाकला होता, तोही सोबत जोडला. साहेबांनी तुझ्यावरचा ठपका काढला. जर्मनीवाले आता आपला माल घेणार नाहीत. तडे समजून घेतले असते, खोटं कारण नाही, असं त्यांनी कळवलंय. बरोबरच आहे.

परत ये, असं म्हणणार नाही. हल्ली रोज सकाळी ते मानक घेऊन बसतो. इंग्रजी जड जातं. अडलं की तुला फोन लावावासा वाटतो, लावत नाही. लावू का, ते तूच कळव.

तुझ्यावर खोटा आळ घेणारा,
तुझा मामा
मल्लिनाथ