चौथ्या मजल्यावरचा गुरुवार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, शाळेचे गणवेश शिवून आयुष्य काढलेली विधवा बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उद्या, गुरुवारी, माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, जीव मात्र थाऱ्यावर नाही. अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर ते भीतीमुळे, वेडामुळे नव्हे.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलाला. तो म्हणतो, "आई, डॉक्टर रोज अशी चार ऑपरेशनं करतात, तू कसलं मृत्युपत्र लिहीत बसलीस!" करत असतील. माझं पहिलंच आहे.

कलम २. भिंतीवरचं घड्याळ नणंदेला. मुलगा दीड महिन्याचा होता, नवरा परगावी. एक तास येऊन बस म्हणून मी तिला विनवलं, तर म्हणाली, "सगळ्यांनाच मुलं होतात, वहिनी. मला वेळ नाही." त्या दुपारी बाळ रडून रडून लाल झालं आणि मी त्याला पाळण्यात ठेवून, स्वयंपाकघराचं दार आतून लावून, कानांवर हात ठेवून बसले. किती वेळ, ते आठवत नाही. हे मुलाला आजवर सांगितलेलं नाही, आता तो वाचेल. बाळा, मला तुझा राग आला नव्हता रे. मी घाबरले होते.

कलम ३. म्हणूनच काम सुटल्यावर मी एका मंडळात नाव घातलं. लहान मुलांपायी मेटाकुटीला आलेल्या बाईच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन बसायचं, एवढंच त्यांचं काम. मंडळाच्या ताईंना माझी उरलेल्या कापडांची पेटी. 'भेटीचं फलित' हा फॉर्मवरचा रकाना मी कोरा सोडते म्हणून त्यांनी मला चारचौघांत बोल लावला होता. आता भरते : बाई हसली. दोनदा.

कलम ४. माझा गुरुवार, सकाळी अकरा ते एक. तो कोणाच्या नावावर करता येत नाही म्हणे, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, अकरा महिन्यांच्या जुळ्यांची आई राहते. नवरा जहाजावर. माझ्यामागे तिच्याकडे कोण जाणार, असं विचारलं तर ताई म्हणतात, "बघू, जाईल कोणीतरी." कोणीतरी म्हणजे कोणी नाही, हे मी जन्मभर बघत आले आहे.

जी जाईल तिने घंटा वाजवू नये, मुलं दचकून उठतात. आणि कृपा करून भांडी घासायला धावू नये. पहिल्याच दिवशी मी अतिशहाणपणा करून ओटा लखलखीत केला, ढीगभर कपड्यांच्या घड्या घातल्या आणि खुशीत घरी आले. पुढचे तीन गुरुवार तिने दारच उघडलं नाही. आत मुलं टाहो फोडत होती आणि मी जिन्यात उभी. चौथ्यांदा उघडलं तेव्हा म्हणाली, "मावशी, तुम्ही गेल्यावर वाटलं, मला एवढंही जमत नाही." तेव्हापासून ती घासते, मी पुसते.

दुसऱ्या कोणाला तिने दार नाहीच उघडलं तर? ऑपरेशनपेक्षा हाच विचार मला जास्त खातो आहे.

कलम ५. ~~शिलाईचं मशीन आणि मोठी कात्री जुळ्यांच्या आईला.~~

वरची काट माझीच, शेजारी सही केली आहे. कारण असं, की साक्षीला येणारी शेजारीण आज तापाने पडली. फोनवर मी हे जुळ्यांच्या आईपाशी सहज बोलले. तासाभरात दारात ती हजर! एक पोटाशी बांधलेलं, एक कडेवर. दोघांना घेऊन एकटी ती आजवर कधीच बाहेर पडली नव्हती.

"सही करायला आलेय," म्हणाली.

पहिले साक्षीदार, निवृत्त पोस्टमन, नियमाचे पक्के. "ज्याला काही मिळणार आहे, त्याची साक्ष चालत नाही."

"मग काढा माझं नाव."

"अगं, चांगलं चालतं मशीन आहे, विचार तरी कर," मी म्हटलं.

"मावशी, पेन द्या इकडे."

तेव्हा मशीन आणि कात्री सुनेला. तिने मशीनवर कपड्यांचा ढीग रचू नये.

मग धीर करून विचारलं, "माझ्याऐवजी दुसरी बाई आली तर दार उघडशील?" तिने कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "उघडीन. पण तिला सांगीन, मावशी बऱ्या होईपर्यंतच."

कलम ६. मला बरं व्हायचं आहे. मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत, असं पोस्टमन म्हणतात. तरी नोंद असावी.

ठिकाण : माझं राहतं घर, शिवणाचं टेबल
दिनांक : चौदा, बुधवार

लिहून देणार : (सही)
साक्षीदार १ : निवृत्त पोस्टमन (सही)
साक्षीदार २ : जुळ्यांची आई (सही)

सहीवरचा शाईचा डाग जुळ्यांतल्या धाकटीच्या बोटांचा आहे. त्यावरून कोणी शंका काढू नये.