मागचं अर्धं मैदान

३ डिसेंबर १९७८, रविवार

प्रभाकररावांनी आज आमच्या एसटी डेपोच्या टीमचा खेळच उलटा करून टाकला. वर्कशॉपातले फोरमन, नागपूरला दहा वर्षं फुटबॉल खेळलेले — त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप! म्हणाले, "मांगं पळाचं नाई. बॉल जेथं गेला तेथंच हिसकाचा. त्यांच्या बॅकले दम घेऊ द्याचा नाई." तिघं फॉरवर्ड अंगावर जाणार, तिघं हाफ त्यांच्या पाठोपाठ, आणि चौघं बॅक थेट मध्यरेषेवर. मागचं अर्धं मैदान रिकामं. तिथे एकटा मी, गोलकीपर — तोही गोल सोडून पुढे. लांबचा बॉल आला की धावत जाऊन उडवायचा.

आजवर गोलातच उभा राहायचो. बॉल जवळ आला की दिसायचा. लांबचं मला दिसत नाही, हे फक्त या वहीला ठाऊक आहे.

५ डिसेंबर

नागपूरच्या डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आलो त्याला चार महिने झाले. "चष्म्यानं भागणार नाही, आतला पडदा खराब होतोय. गाडी चालवणं सोडा." सोडा म्हणे! अकरा वर्षं स्टिअरिंगवर आहे. दुसरं काय येतं मला? बायकोला, कोकिळेलाही, सांगितलेलं नाही. पवनारचा पूल पाठ आहे, रस्ता पाठ आहे, त्या भरवशावर चालवतो. पण बॉल कसा पाठ करायचा?

१० डिसेंबर

प्रॅक्टिसमध्ये दोनदा चुकलो. "काऊन रे चंद्रभान, झोपला होता का?" प्रभाकररावांनी विचारलं.

नंतर रूपराव जवळ आला. माझ्या गाडीचा कंडक्टर, आणि टीमचा स्टॉपर — म्हणजे माझ्या सगळ्यात जवळचा बॅक. म्हणाला, "भाऊ, तुमाले बाहेर याचं असन तं मी 'डबल' म्हनतो. थांबाचं असन तं 'सिंगल'. गाडीतल्या बेलसारखं." एका बेलला थांबायचं, दोन झाल्या की निघायचं — ते तर पायात मुरलंय. हो म्हणालो. हे त्याला सुचलं कसं, ते विचारायची हिंमत झाली नाही.

२४ डिसेंबर

हिंगणघाटच्या टीमला तीन गोलांनी हरवलं. आमची पोरं त्यांच्या बॅकवर अशी तुटून पडली की बिचाऱ्यांना मध्यरेषा ओलांडता येईना. रूपरावनं सात वेळा डबल दिली, सातही वेळा बॉल उडवला. प्रभाकरराव सगळ्यांना सांगत होते, "याची नजर पाहा लेकहो, घारीसारखी हाये."



६ जानेवारी १९७९

उद्या डेपोंच्या स्पर्धेची फायनल. सगळा डेपो येणार म्हणे. न आला तर बरं.

७ जानेवारी, रविवार

हरलो. माझ्यामुळे.

एक-एक होतं, शेवटची पाच मिनिटं. आमची हाक एव्हाना सगळ्या डेपोला पाठ झालेली. आमचा फॉरवर्ड बॉल घेऊन त्यांच्या गोलकडे सुटला, तशी कडेची पन्नास-साठ माणसं चेव येऊन ओरडली — डबल, डबल! मी निघालो. बॉल तिकडे त्यांच्या गोलपाशी, आणि मी इकडे मैदानाच्या मधोमध हवेत लाथ मारली. लोक पोट धरून हसले. तेवढ्यात त्यांच्या बॅकनं लांब टोला हाणला. बॉल माझ्या डोक्यावरून टप्पे खात रिकाम्या गोलात गेला. मला तो ओरडण्यावरून कळला.

"भाऊले लईच जोश आला!" सगळ्यांनी चेष्टेवारी नेलं. रूपराव मात्र हसला नाही. बाजूला घेऊन म्हणाला, "मले वाटे, जरासं कमी दिसत असन. म्हनून मी ओरडत होतो. भाऊ, तुमाले बॉल दिसतच नाई का?"

मी बूट सोडत बसलो.

८ जानेवारी, सोमवार

आठची सेलू गाडी, खच्चून भरलेली. पवनारच्या आनंदाबाई नातीला मांडीवर घेऊन माझ्या मागच्याच सीटवर. इंजिन चालू करून बेलची वाट पाहत बसलो. आरशात रूपरावचा खाकी शर्ट अंधुक दिसत होता, हात दोरीवर. लोक कुरकुरायला लागले. त्यानं डबल दिली नाही.

मी इंजिन बंद केलं. उतरून मॅनेजरच्या खोलीकडे निघालो. मागून रूपराव आला, दंड धरला.

"पायरी हाये, भाऊ."