टोपीवरची माती

मंगळवार, १४ ऑक्टोबर

नाही पुसणार. युनिव्हर्सिटीच्या म्युझियममधली माझी असिस्टंटशिप गेली तर जाऊ दे.

शुक्रवारच्या प्रदर्शनासाठी बॉसने सकाळी ती टोपी क्लीन करायला दिली. दीडशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या इंग्रजांच्या वसाहतीत, आडरानातल्या तांब्याच्या खाणीत कुणीतरी ती घालत होतं. पुढच्या बाजूला मातीचा वाळका गोळा. मला मळ वाटला. ओला बोळा फिरवला आणि मग दिसला अंगठ्याचा ठसा. खाली अंधारात उजेड हवा म्हणून ते लोक ओल्या मातीने टोपीवर मेणबत्ती चिकटवायचे. हे मी स्वतः वाचलेलं. तरी अर्धा ठसा गेला, माझ्याच हातून.

बॉस म्हणाली, "मातीच तर आहे, उरलेली पण काढ." घरी आल्यावर माझी रूममेट केतकीही तेच, "यार, पुसून टाक ना, कशाला पंगा घेतेस?"

त्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नाही. आहे तो हा अर्धा अंगठा.

लेबल लिहून ठेवलंय. उद्या टोपीशेजारी लावणार, खाली माझी सही करून: उजवी बाजू मी पुसली. डावीला कुणी हात लावायचा नाही.