लाल चिंधीची पऱ्हाटी

माय,

तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस आणि मी उंबऱ्यात बसून तुझ्या पाठीकडे बघत होते, ती एक सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं. तू परातीत हात घातलास, थांबलीस आणि स्वतःशीच म्हणालीस, "आज काय, अन् काहून?" रोजच म्हणायचीस. उत्तरही तूच द्यायचीस. आज वांग्यांना पाणी, कारण काल ऊन फार होतं. आज जावेकडे जाणं नाही, कारण तिथे दिवस जातो आणि हाती काही येत नाही. एवढं झालं की मगच पहिली भाकरी तव्यावर पडायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असंच करतात.

ती कापसाच्या तेजीची वर्षं होती. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला होता. लोकांनी ज्वारीची वावरं मोडली, कांद्याचे वाफे मोडले, अंगणातसुद्धा कापसाची पऱ्हाटी लावली. बाबांनी अमरावतीच्या बाजारात गाडी रिकामी केली आणि येताना काचेचं झुंबर आणलं. आपल्या मातीच्या घराचं आढं इतकं खाली, की येणारा प्रत्येक माणूस त्या झुंबरावर डोकं आपटायचा. तू विचारलंस, "हे काहून आणलं?" बाबा म्हणाले, "अमरावतीत सगळेच घेऊन राहिले." तू झुंबराला एक टोपली अडकवलीस आणि तिच्यात लसूण ठेवलास.

तू ज्वारीचा तुकडा मोडू दिला नाहीस. आणि कापसातही तुझं एक वेगळंच चाललेलं असायचं. वेचणीच्या आधी तू वावरभर फिरायचीस, दोन पावसांवर तग धरलेल्या, भरल्या बोंडांच्या पऱ्हाट्या निवडायचीस आणि त्यांना लाल चिंधी बांधायचीस. त्यांचा कापूस वेगळा वेचायचा, घरच्या रेच्यावर हातानं सरकी काढायची, राखेत घोळून मडक्यात ठेवायची. शेजारची काकू हसायची. "काहो, ह्या पऱ्हाट्यांचं लगन जमलं काय? लाल फडकी बांधली ती!" तू म्हणालीस, "लगन बाकीच्यांचं. ह्या माहेरी ठेवाच्या हायेत."

मग तो दिवस. मी दहा वर्षांची. बाबांनी सांगितलं होतं, जिच्या पदराची ओटी कापसानं आधी भरेल तिला काचेच्या बांगड्या. मी बायांच्या पुढे पळत वेचत होते. दुपारी माझी ओटी सगळ्यांत आधी भरली, ढिगात रिती झाली, आणि मग तुला त्या उघड्या पऱ्हाट्या दिसल्या. चिंध्या तशाच, बोंडं रिकामी. ढीग माणसाच्या उंचीचा, त्यातून तो कापूस वेगळा होणार नव्हता. मडक्यातलं सगळं त्या साली पेरलेलं, म्हणजे तुझ्या आईकडून आलेलं बियाणं एका दुपारी संपलं होतं. मला वाटलं, तू मारशील. तू फक्त विचारलंस, "काहून?"

मी म्हटलं, "सगळ्याच वेचून राहिल्या होत्या, म्हणून."

"सगळे हे काई कारण नोहे, पोरी."

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन बार्शीटाकळीला निघालीस, पायी. वाटेनं कापसाच्या गाड्या जात होत्या, धूळ आपल्या डोक्यावर बसत होती, आणि तू माझ्यापुढे झपझप चालत होतीस. मावशीच्या दारात पोचल्यावर पाणीही न पिता म्हणालीस, "मागच्या साली तुले बी दिलं होतं, हाय काय?" मावशीनं मडकं पुढे केलं. "घे बाई, तुह्यंच हाय. रडून काहून राहिली?" तेव्हा मला दिसलं की तू रडत होतीस. पदरानं तोंड पुसून म्हणालीस, "म्हणून त तुह्याकडे देऊन ठेवलं होतं."

पुढच्या साली कापसाच्याच पैशानं बाबांनी मला कामठीला मडमांच्या शाळेत घातलं. निघताना तू माझ्या हातात सरकीची पुरचुंडी दिलीस. "वास घेजो, खाजो नको." तिथे घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर गप्प बसायचं. मी विचारलं, का? सिस्टर म्हणाल्या, सगळ्या मुली तेच करतात. मी म्हटलं, हे काही कारण नव्हे. तासभर गुडघ्यांवर बसवलं. गुडघे दुखले, पण मी शब्द मागे घेतला नाही. लिहायला मात्र त्यांनीच शिकवलं, ते मी विसरत नाही.

तुझंही सगळं ऐकलं नाही, माय. तू रिकामी कधी बसली नाहीस, आणि बसणाऱ्या बाईला नावं ठेवायचीस. मी रोज दुपारी ओसरीवर बसते. हातात काही नसतं. सुना आपसांत बोलतात, म्हातारीला काम सुचत नाही. माझं काहून मला ठाऊक आहे: तेवढ्याच वेळात तू दिसतेस. हे तुला पटलं नसतं. न पटो.

आता माझा थोरला मुलगा म्हणतो, यंत्रानं काढलेली कारखान्यातली सरकी स्वस्त मिळते, गावभर तीच पेरतात, तुझी मडकी फोडू. काल म्हणाला, "माय, शिकलेली असून असं काहून करून राहिली?" मी सांगितलं, माझा श्वास आहे तोवर मडक्याला हात लावायचा नाही. तो हसला. मी गेल्यावर काय करायचं, हे त्यानं ठरवलेलं आहे. मीही ठरवलं आहे.

हे पत्र कुठे धाडायचं? मडक्यातच ठेवते, राखेवर. जो मडकं फोडायला येईल, त्याच्या हाती आधी हेच लागेल. म्हणून पुढचं घरच्यांसाठी लिहिते.

रेचा थोरल्या सुनेला, तिचा हात हलका आहे. ज्वारीचा तुकडा थोरल्या मुलाला, मोडणार नाही असं वचन देत असेल तर, नाहीतर धाकट्या सुनेला. झुंबर ज्याला हवं त्याला. बियाण्याचे तीन वाटे करा: एक मोर्शीला लेकीकडे, एक मावशीच्या नातवंडांकडे बार्शीटाकळीला, एक इथे. तिन्ही एका घरात ठेवू नका. लाल चिंध्या नातीला. तिनं विचारलं, आजीनं ह्या जपल्या काहून, तर खरं ते सांगा. त्या दुपारी आजीला चिंधी दिसली होती. चिंधी बाजूला सारून तिनं कापूस वेचला होता.