ऐकलंस का अंदाज केलास?

आबा, उद्या सकाळी आमच्या रेडिओ क्लबाच्या माणसांना घेऊन मी आगाशिवाच्या डोंगरावर चालले आहे. गुडघे कुरकुरतात, डॉक्टर नको म्हणतात, सून सकाळपासून तोंड फुगवून बसली आहे, पण जाणार म्हणजे जाणार. हा हट्ट कुणाकडून आला ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बॅटरी भरून झाली, तारांची वेटोळी बांधून झाली आणि मग कपाटातून तुमची ती जुनी वही काढली. कुणाशी, किती वाजता, काय बोलणं झालं ते तुम्ही त्यात टिपायचात. तिच्यातली एक ओळ मला इतकी वर्षं टोचते आहे. तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

फौजेच्या सिग्नल खात्यातून सुभेदार होऊन तुम्ही मलकापूरला परत आलात. बाकीच्यांचे वडील ऊस आणि पाण्याच्या पाळ्या बोलायचे, तुम्ही भंगारातून मिलिटरीचा रिसीव्हर आणून स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मांडलात आणि हौशी रेडिओचा परवाना काढलात. जगातल्या अनोळखी माणसांशी मोर्सची टकटक करून बोलायचं, आणि बोलून काय, तर तुमचा सिग्नल स्वच्छ येतो, एवढंच. आईला त्याचं हसू यायचं. "आवं, वस्तीवर निरोप पोचंना तुमचा, आन् जपानला कशाला हाका मारताय?" जेवताना तुम्ही चमच्यानं माझ्या ताटावर एकेक अक्षर वाजवायचात. ओळखलं तर आमटी, नाहीतर कोरडी भाकरी. परवान्यासाठीच्या मुंबईच्या परीक्षेत पहिल्या खेपेला मी आपटले, दुसऱ्या खेपेला पास झाले. तुम्ही शाबासकी दिली नाहीत. फौजेतून आणलेली टकटक करायची पितळी की माझ्यापुढं ठेवलीत आणि म्हणालात, "हिला गंज चढू दिऊ नगंस." मी ती आजही चिंचेनं घासते.

मग स्पर्धेचा तो दिवस. आपण पाच-सहा जण आगाशिवावर चढलो आहोत. ट्रॅक्टरची बॅटरी आलटून पालटून खांद्यावर आणली आहे, दोन बांबूंमध्ये तार ताणली आहे. मेंढरं घेऊन एक म्हातारा थांबतो. "ह्याच्यात गाणी लागत्यात का?" नाही म्हटल्यावर तो हसतो, "मग एवढं वझं कशाला वाहिलं रं गड्यांनो?" स्पर्धेचा नियम साधा होता. जितक्या लांबलांबच्या माणसांशी बोलणं होईल तितके गुण, पण दोघांनी एकमेकांना दिलेला क्रमांक नीट टिपला तरच. दुपारी फार लांबच्या एका माणसाचं केंद्र लागलं आणि नेमका खरखराट सुरू झाला. क्रमांकातले दोन आकडे ऐकले, तिसरा गेला. थोड्या वेळापूर्वी त्यानं दुसऱ्या कुणाला दिलेला क्रमांक माझ्या कानावर होता. क्रमांक दर बोलण्याला एकानं वाढतो, त्यावरून मी मनाशी गणित केलं आणि सात लिहिला.

तुम्ही मागंच उभे होतात. "ऐकलंस का अंदाज केलास?"

"अंदाज. पण बरोबर हाय आबा."

"काट मग. खोडायचं ते हितंच, ह्या घटकंला. घरी जाऊन वही सुधारायची न्हाई. फौजेत असल्या अंदाजानं माणसं मेल्यात."

आपल्यातलेच, माधवनगरच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन असलेले काका मध्ये पडले, "सुभेदार, जाऊ द्या की. पोर हाय." तुम्ही त्यांच्याकडं बघितलंही नाहीत. "तिच्याच कानावर मी इसंबून हाय," एवढंच म्हणालात. सगळ्यांसमोर मी ती ओळ काटली. तिच्यापायी आपला पहिला नंबर गेला. डोंगर मी रागानं, मागं न बघता उतरले, आणि खरं सांगायचं तर तो राग पुढं कितीतरी महिने जपून ठेवला.

कानाचं तुम्ही खोटं बोलला नव्हतात. उजव्या कानानं लढाईतच रजा घेतली होती, डावाही थकत चालला होता. अशात तुम्ही तो उपग्रह मनावर घेतलात. आपल्यासारख्याच हौशी लोकांनी बनवलेली ती छोटीशी पेटी रोज सकाळी आपल्यावरून जायची. खालून टकटक पाठवली की ती दुसऱ्या लहरीवर परत खाली टाकायची. "मलकापुरातनं घातलेली हाक आभाळातनं म्हागारी आली पायजे," तुम्ही म्हणायचात. "मला न्हाई ऐकू आली तरी चालंल. तू ऐक आन् मला सांग." गच्चीवर बांबूला अॅल्युमिनियमच्या नळ्या बांधल्या. आई कुरकुरत तो बांबू धरायची आणि घड्याळ बघून बरोबर वळवायची. तुम्ही कीवर आपली खूण, म्हणजे परवान्यावरची अक्षरं, वाजवायचात, मी हेडफोन लावून बसायचे. कधी जपानी ऐकू यायचे, कधी रशियन. तुम्ही मात्र कधीच नाही.

तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी सोमवारी मिरजेला भरती व्हायला सांगितलं. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, तुम्ही जिन्यात दोनदा टेकत गच्चीवर आलात. उपग्रह आला, डोक्यावरून गेला, दक्षिणेला उतरला. तोवर तुमची टकटक थांबली नाही. शेवटी तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत. "आली?" मी म्हटलं, "न्हाई." तुम्ही मान हलवलीत. "बरं. लिही मग, न्हाई आली." मी लिहिलं, काही ऐकू आलं नाही. त्याच आठवड्यात मिरजेहून तुम्हाला परत आणलं ते चार माणसांच्या खांद्यावर द्यायलाच.

तेरावा उरकला आणि दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले. लोक म्हणाले, पोरीला दुःख सोसवेना. सोसत नव्हतंच, पण मी गेले ती हट्टानं. माझी खूण, तुमची की, बांबूला आई. रोज सकाळी, कॉलेज बुडवून. आई एकदाही नको म्हणाली नाही. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी ती हाक म्हागारी आली. माझीच अक्षरं, खरखरीच्या तळाशी, बारीक, हळूहळू खाली उतरत जाणाऱ्या सुरात. आई विचारत होती, "काय गं, काय झालं?" आणि मी हेडफोन काढून तिच्याच कानाला लावला. आनंदानं नव्हे. तो सूर मी आधी एकदा ऐकलेला होता.

आज क्लबात कुणी अंदाजानं आकडा लिहिला की मी तुमच्याच शब्दांत विचारते आणि ओळ काटायला लावते. माणसं मला खाष्ट म्हणतात, म्हणोत. उद्याही तेच करणार. पण आत्ता वही उघडली, त्या रविवारच्या ओळीशी पेन नेलं आणि थांबले. घरी बसून वही सुधारायची नाही. म्हणून वहीला हात न लावता इथं लिहिते, आणि हा कागद घडी करून त्याच पानात ठेवते.

आबा, त्या रविवारी तुमच्या खुणेतली शेवटची दोन अक्षरं आली होती. दोनच, पण स्वच्छ. पुरती ऐकली नाहीत म्हणून नाही म्हटलं, असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. तसं नव्हतं. तुमचाच नियम तुमच्यावर चालवताना मला घटकाभर बरं वाटलं होतं.